नीटसाठी पैसे भरून टेस्ट सिरीज घ्यावी का? गोव्यातल्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

अकरावी सायन्सला प्रवेश झाला की थोड्याच दिवसांत घरी फोन यायला लागतात. "मॅडम, मुलाची नीटची तयारी सुरू झाली का? आज रात्री बारापर्यंत घेतली तर टेस्ट सिरीज अर्ध्या किमतीत." आईबाबा गोंधळतात, मुलं वर्गातल्या इतरांनी काय घेतलं ते बघतात आणि कुणी काही ठरवायच्या आत पैसे भरून होतात.

मी सत्तरी तालुक्यातली. मोठ्या कोचिंगला न जाता घरून अभ्यास करून नीट दिली आणि आता एमबीबीएसला आहे. धाकटा भाऊ यंदा बारावीला असल्यामुळे घरात तोच विषय पुन्हा सुरू झालाय. माझ्या जुन्या हायर सेकंडरीतली मुलंही हेच विचारतात, म्हणून सगळं एकदा लिहून काढते.

माझं मत आधीच सांगते. विकतचे पेपर कामाचे असतात, पण पेपर सोडवून झाल्यावर त्यावर पुन्हा तासन्‌तास बसण्याची सवय ज्याला आहे त्याच्यासाठी. ही सवय फुकटच्या पेपरांवर लावता येते. त्यामुळे पैसे भरण्याचा विचार पहिल्या पायरीवर करायचाच नाही. तो इथे चौथ्या पायरीवर आहे.

१. आधी परीक्षा कशी असते ते पक्कं करा

नीट-यूजी ही एमबीबीएससारख्या वैद्यकीय प्रवेशांची परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था म्हणजे एनटीए घेते. २०२५ च्या पेपरात १८० प्रश्न होते आणि वेळ १८० मिनिटं. बायोलॉजीचे ९०, फिजिक्सचे ४५, केमिस्ट्रीचे ४५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला उणे १, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. एकूण ७२०. पेपर दुपारी २ ते ५, कागदावर, उत्तरं ओएमआर शीटवर बॉलपेनने गोल भरून. एकदा भरलेला गोल बदलता येत नाही.

२०२१ ते २०२४ या चार वर्षांत पद्धत वेगळी होती. तेव्हा २०० प्रश्न यायचे, त्यातले १८० सोडवायचे आणि प्रत्येक विषयाच्या 'बी' भागात निवड असायची. २०२५ ला ती निवड गेली. अजूनही २०० प्रश्नांचे पेपर विकणारे आहेत. असा पेपर दिसला की पुढचं काही न बघता ती सिरीज सोडून द्या. तुमच्या वर्षाचं माहितीपत्रक एनटीएच्या संकेतस्थळावर येतं. पद्धतीबद्दल त्यात जे लिहिलंय तेच खरं धरा, विकणाऱ्याचं नव्हे.

अभ्यासक्रमाचंही तसंच. नॅशनल मेडिकल कमिशनने नीट २०२४ पासून तो कमी केला. केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स, हायड्रोजन असे धडे गेले, बायोलॉजीतून पचनसंस्था, मिनरल न्यूट्रिशन वगैरे. माहितीपत्रकासोबतची अभ्यासक्रमाची यादी छापून टेबलासमोर चिकटवा.

आपल्याकडच्या मुलांसाठी भाषेची एक गोष्ट. नीट १३ भाषांत होते आणि मराठी त्यात आहे, कोकणी नाही. मात्र मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. गोव्यात केंद्र घेतलं तर इंग्रजी, हिंदी किंवा उर्दू. अकरावी-बारावी इंग्रजीतूनच झालेली असते, त्यामुळे याचं दडपण घेऊ नका. पण प्राथमिक शाळा मराठीतून झालेली मुलं लांबलचक इंग्रजी विधानं वाचण्यात वेळ घालवतात, हे मी वर्गात पाहिलंय. सराव इंग्रजी पेपरांवरच करा.

२. फुकटचं आधी संपवा

यासाठी लागणारं सामान:

- एनसीईआरटीची अकरावी-बारावीची फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीची पुस्तकं, नव्या आवृत्तीची. एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर ती पीडीएफमध्ये मोफत आहेत.
- एनसीईआरटीचे एक्झेम्प्लर प्रश्नसंच, तेही तिथेच मोफत.
- २०१६ पासूनचे नीटचे जुने पेपर आणि एनटीएच्या काळातल्या अंतिम उत्तरसूची. २०१६ ला परीक्षा दोनदा झाली, मे आणि जुलैमध्ये. २०२४ ला काही विद्यार्थ्यांसाठी २३ जूनला फेरपरीक्षा झाली. असे जादाचे पेपर धरले तर डझनाच्या वर पूर्ण पेपर हाताशी येतात.
- एनटीएचं 'नॅशनल टेस्ट अभ्यास' हे २०२० साली आलेलं अ‍ॅप, आणि शिक्षण मंत्रालय व आयआयटी कानपूर यांचं 'साथी' पोर्टल. दोन्हींवर सराव परीक्षा मोफत.
- ओएमआर शीटच्या प्रती. झेरॉक्सच्या दुकानात एकदम गठ्ठा काढून घ्या.
- हातात न घालता टेबलावर ठेवता येईल असं साधं काट्यांचं घड्याळ, काळं बॉलपेन आणि दोनशे पानी वही. वहीचं काम पुढच्या पायरीवर.

जुने पेपर सोडवताना वगळलेल्या धड्यांवरचे प्रश्न आधीच कुणाकडून तरी खोडून घ्या आणि तेवढा वेळ कमी करा. सगळ्यात नवे दोन पेपर हात न लावता बाजूला ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये त्यांची खरी किंमत कळते, कारण खऱ्या पेपरासारखा पेपर फक्त खरा पेपरच असतो.

हे सगळं पुरेसं आहे का? अकरावीच्या मुलाला आणि बारावीच्या पहिल्या सहामाहीत, पुरून उरतं.

३. पेपरानंतरची वही

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पैसे भरावेत की नाही याचं उत्तर याच वहीत सापडतं.

पेपर सोडवल्याने अभ्यास पक्का होतो याला संशोधनाचा आधार आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे फायदा डोक्यातून उत्तर बाहेर काढण्याचा आहे. तो पेपर विकत घेतलाय की सायबरवरून छापून आणलाय, याने काही फरक पडत नाही.

पण नुसता पेपर सोडवून गुण मोजले तर अर्धंच काम होतं. तीन तासांच्या पेपरावर किमान तेवढाच वेळ नंतर बसायला हवं. त्याच दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी, पण त्याच्या पुढे ढकलू नका. त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं ते विसरायला होतं.

प्रत्येक चुकीच्या आणि सोडलेल्या प्रश्नापुढे कारण लिहायचं. कारणं चारच ठेवा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण उलटसुलट झालं, प्रश्न वाचण्यात चूक, वेळ पुरला नाही. 'सिली मिस्टेक' असा खाना ठेवू नका. त्या नावाखाली सगळं ढकललं जातं आणि दुरुस्त काहीच होत नाही.

भावाच्या वहीतलं एक पान समोर आहे, त्यातल्या तीन नोंदी सांगते. पहिली: 'खालीलपैकी चुकीचं विधान कोणतं', विषय मूत्रपिंड. त्याने पहिलं बरोबर विधान दिसताच गोल भरला आणि पुढे गेला. कारण: वाचण्यात चूक. दुसरी: लेन्सची पॉवर काढायची होती, फोकल लेंग्थ सेंटीमीटरमध्ये दिली होती, त्याने ती मीटरमध्ये न आणताच एकला भागलं. उत्तरांच्या पर्यायात ते चुकीचं उत्तरही ठेवलेलं होतं, पेपर काढणारे असे पर्याय मुद्दाम ठेवतात. तिसरी सिकल सेल अ‍ॅनिमियाची. बीटा ग्लोबिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या ऐवजी व्हॅलिन येतं. त्याने व्हॅलिनच्या ऐवजी ग्लुटामिक अ‍ॅसिड लिहिलेला पर्याय निवडला. धडा त्याला येत होता, दिशा उलटी झाली.

तिन्ही ठिकाणी गुण सारखेच गेले, पण उपाय अगदी वेगळे. पहिल्यासाठी प्रश्नातल्या 'चुकीचं', 'नाही', 'वगळता' या शब्दांभोवती पेनाने गोल काढायची सवय. दुसऱ्यासाठी आकडेमोड सुरू करायच्या आधी सगळी एककं एका रांगेत लिहून घेणं. तिसऱ्यासाठी पुस्तकातली ती ओळ उघडून पुन्हा वाचणं आणि आठवड्याने स्वतःला विचारणं. यातल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी नवा पेपर विकत घेऊन काहीच होत नाही, सवय लागेपर्यंत जुनेच पेपर चालतात.

वहीत आणखी एक हिशेब ठेवा, अंदाजाचा. पेपर सोडवताना जिथे खात्री नाही तिथे प्रश्नपत्रिकेवर प्रश्नचिन्ह काढा. तपासताना त्या प्रश्नांतले किती बरोबर आले ते मोजा. बरोबरला ४ आणि चुकीला उणे १ असल्यामुळे पाचात एक बरोबर आला तर नफा-तोटा शून्य. पाचात दोन येत असतील तर अंदाज तुमच्या फायद्याचा आहे. चारपैकी दोन पर्याय विचार करून बाद करता येत असतील तर सहसा गोल भरावा. पण काही मुलांचे अंदाज एखाद्या विषयात सतत चुकतात, कारण पेपर काढणाऱ्याने लावलेल्या सापळ्यात ती ओढली जातात. भावाचं केमिस्ट्रीत तसं होतं, बायोलॉजीत नाही. हे कुठलाही सल्लागार फोनवर सांगू शकत नाही, फक्त स्वतःची वही सांगते.

दर पेपरानंतर चारही खान्यांत किती गुण गेले त्याची बेरीज करा. दोन महिने हे केलंत की पुढच्या पायरीवर यायला तुम्ही तयार आहात.

आणि दोन महिन्यांत वही रिकामीच राहिली तर? तर टेस्ट सिरीज घेऊ नका. पेपर सोडवायचे, रँक बघायची, वाईट वाटून घ्यायचं आणि पुढचा पेपर उघडायचा, एवढंच होईल, आणि त्यासाठी पैसे मोजाल. आधी वहीची सवय लावा.

४. आता ठरवा: पैसे नेमके कशाचे मोजणार आहात?

प्रश्नांचे नव्हे. प्रश्न बाजारात ढिगाने आहेत. पैशाने मिळतात त्या गोष्टी तीन: ठरलेल्या तारखांचं वेळापत्रक, न पाहिलेले पूर्ण पेपर आणि इतर हजारो मुलांशी तुलना. यातलं तुम्हाला काय कमी पडतंय ते बघा.

*घेणं योग्य ठरतं* ते असं. सत्तरी, सांगे, काणकोण अशा भागात राहून घरीच अभ्यास करणारी मुलं, ज्यांना दर आठवड्याला म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या क्लासात जाऊन पेपर देणं परवडत नाही. एका पेपरासाठी बसने जाण्या-येण्यात अख्खा दिवस मोडतो. अशांना घरी येणारं वेळापत्रक खूप आधार देतं. दुसरे म्हणजे पुन्हा परीक्षा देणारे. त्यांचे जुने पेपर पाठ झालेले असतात, प्रश्न वाचतानाच उत्तर आठवतं, त्यामुळे गुण फुगून दिसतात. त्यांना नवे पेपर हवेतच. तिसरे, ज्यांच्या वहीत 'वेळ पुरला नाही' हा खाना सगळ्यात मोठा आहे.

*घेऊ नका*, जर तुम्ही आधीच कोचिंगला जात असाल आणि तिथे चाचण्या होत असतील. दुसऱ्या सिरीजमुळे दोन्हीकडचे पेपर अर्धवट विश्लेषणाचे राहतात. अर्ध्याहून जास्त अभ्यासक्रम बाकी असताना पूर्ण पेपरांची सिरीज घेऊ नका. वहीत 'माहीतच नव्हतं' हा खाना मोठा असेल तर तुमची जागा पुस्तकापाशी आहे. आणि परीक्षेला महिनाभर उरलेला असताना नवी सिरीज सुरू करणं मला अजिबात पटत नाही. त्या दिवसांत वेगळ्या धाटणीचे अवघड पेपर पाहून मुलं खचतात, आणि सावरायला वेळ नसतो.

घरातल्या पैशाचं उघड बोला. फक्त चाचण्यांची सिरीज काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळते. महाग म्हणजे चांगली असं नाही. व्हिडिओ, नोट्स, 'मेंटॉर' असं एकत्र बांधून विकतात तेव्हा किंमत कैक पटींनी वाढते. तुम्हाला चाचण्या हव्या असतील तर फक्त चाचण्या मागा.

५. विकत घेण्याआधी एक पेपर मागून तपासा

नमुन्याचा पेपर देत नसतील तर विषय संपला. दिला तर तो सोडवायच्या आधी असा तपासा.

*नवं पुस्तक की जुनं?* हा मुद्दा किती महागात पडतो ते २०२४ ला देशाने पाहिलं. फिजिक्सच्या पेपरात अणूवर एक प्रश्न होता. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीतल्या ओळीप्रमाणे एक पर्याय बरोबर ठरत होता, नव्या आवृत्तीप्रमाणे दुसरा. एनटीएने आधी दोन्हींना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत मागवलं आणि जुलैमध्ये एकच उत्तर ग्राह्य ठरलं. पूर्ण ७२० गुण मिळालेल्यांची संख्या त्यानंतर १७ वर आली. एका ओळीने एवढं होत असेल तर पाच-सहा वर्षांपूर्वीचे प्रश्न नुसते नव्या मुखपृष्ठाखाली विकणाऱ्याकडून काय शिकणार? नमुना पेपरात वगळलेल्या धड्यांवरचा एक जरी प्रश्न सापडला तर समजा, कुणी पेपर उघडूनही पाहिलेला नाही.

*उत्तरांची स्पष्टीकरणं वाचा.* तुम्हाला पक्के येणारे दहा प्रश्न घ्या आणि त्यांची उत्तरं तपासा. एका अ‍ॅपवर मला दोन उत्तरं सरळ चुकीची सापडली होती. कळवलं तर 'आमची टीम बघेल' एवढंच उत्तर आलं आणि उत्तरसूची तशीच राहिली. चांगल्या सिरीजमध्ये बाकीचे तीन पर्याय का चुकीचे तेही लिहिलेलं असतं, बायोलॉजीत पुस्तकाचं पानही दिलेलं असतं.

*अवघडपणा.* काही जण फिजिक्स मुद्दाम इतकं कठीण काढतात की घाबरून तुम्ही त्यांचाच कोर्स घ्याल. काही जण इतकं सोपं ठेवतात की मूल खूश राहील. २०२२, २०२३ आणि २०२५ चा खरा पेपर शेजारी ठेवा आणि आपल्या फिजिक्सच्या सरांना पाच मिनिटं दाखवा. हायर सेकंडरीतले शिक्षक हे आनंदाने करतात, मुलं विचारत नाहीत एवढंच.

*कागदावर की स्क्रीनवर?* छापता येणारी प्रश्नपत्रिका आणि ओएमआर देत असतील तरच घ्या. फोनवर बोट लावणं आणि पेनाने गोल भरणं यात वेळेचा मोठा फरक पडतो. गोल भरण्यात एक ओळ वरखाली झाली की पुढचं सगळं सरकतं. ही चूक स्क्रीनवर कधी होतच नाही, म्हणून ती टाळायला शिकताही येत नाही.

*वेळापत्रक आपल्या वर्षाला जुळतं का?* गोवा बोर्डाची बारावी फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, त्याआधी प्रॅक्टिकल्स. चवथीच्या आठवड्यात घरी पाहुणे असतात, अभ्यास होत नाही, हे मान्य करून चाला. बाहेरच्या सिरीजचं वेळापत्रक नेमकं तेव्हाच दर तीन दिवसांनी पेपर लावतं. चुकलेला पेपर नंतर देता येतो का आणि सिरीज परीक्षेच्या दिवसापर्यंत उघडी राहते का, दोन्ही लेखी विचारा.

६. पैसे भरताना

- सांगितलेल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी धरलाय का ते आधी विचारा. पावती जीएसटी क्रमांकासह घ्या.
- पैसे परत मिळण्याच्या अटींचा आणि फोनवर दिलेल्या आश्वासनांचा स्क्रीनशॉट किंवा ईमेल ठेवा. तोंडी बोलण्याला अर्थ नाही.
- हप्त्याने द्या म्हणाले तर तो हप्ता आहे की तुमच्या नावावरचं कर्ज, ते वाचा. आईबाबांचा ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका.
- 'आजच शेवटचा दिवस' हे दर आठवड्याला असतं. सवलत जाईल म्हणून घाई करू नका.
- 'शंभर टक्के सिलेक्शन' अशी जाहिरात दिसली तर दूर राहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. निकालाची हमी देता येत नाही, आणि यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो लावला तर त्याने कोणता कोर्स घेतला होता तेही सांगावं लागतं. पोस्टरवरच्या मुलाने दोन वर्षांचं कोचिंग घेतलं की शेवटच्या महिन्यात फुकटचा एक पेपर दिला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.
- शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या तत्त्वांनुसार पूर्ण फी भरून कोचिंग मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करायची असते. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.
- टेलिग्रामवर मिळणाऱ्या चोरीच्या पीडीएफ घेऊ नका. एक तर ते चुकीचं आहे, शिवाय त्यात दोन वर्षांचे पेपर सरमिसळ केलेले असतात आणि उत्तरसूची भलत्याच पेपराची निघते. 'यंदाचा खरा पेपर' विकणारा तर सरळ गुन्हेगार आहे, त्याला पोलिसांत द्या.

७. घेतलीच तर अशी वापरा

रविवारी दुपारी २ ते ५. सकाळी नाही, रात्री नाही. मे महिन्यातली आपली दुपार, घाम, जेवणानंतरची सुस्ती, या सगळ्याची शरीराला सवय हवी. फोन दुसऱ्या खोलीत, मध्ये उठायचं नाही. घरात शांतता नसेल तर जवळच्या वाचनालयात जा. पणजीजवळ राहणाऱ्यांसाठी पाट्टोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. रविवारच्या वेळा मात्र जाण्याआधी विचारून घ्या.

बायोलॉजी आधी उरकून फिजिक्सला जास्त वेळ ठेवणं बहुतेकांना मानवतं, पण क्रम स्वतःच्या वहीतून ठरवा. गोल शेवटी एकदम भरू नका, पान संपलं की त्या पानाचे भरा.

विकत घेतलेले सगळे पेपर संपवलेच पाहिजेत असं नाही. पैसे वसूल करायच्या नादात आठवड्याला चार पेपर सोडवणारी मुलं मी पाहिली आहेत. वही तशीच कोरी. बोर्डाआधी आठवड्याला एक पूर्ण पेपर भरपूर झाला, बोर्डानंतर दोन, फार तर तीन. शेवटच्या तीन-चार दिवसांत एकही नाही, फक्त वही आणि एनसीईआरटी.

पालकांना एक विनंती. पेपर संपवून मूल खोलीबाहेर आलं की 'किती आले?' हा पहिला प्रश्न नको. आधी चहा द्या, पोह्याची बशी पुढे करा. गुण ते स्वतःहून सांगेल.

८. सिरीजमधली रँक आणि गोव्याची यादी

सिरीजवाले प्रत्येक पेपरानंतर 'अंदाजे ऑल इंडिया रँक' दाखवतात. तिच्यावर विसंबू नका. २०२४ ला अंतिम निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला फिजिक्स कठीण गेलं आणि देशात पहिल्या आलेल्याला ६८६ गुण होते. खुल्या गटाची पात्रतेची रेषा १६२ वरून १४४ वर आली. त्याच गुणांना एका वर्षी एक रँक, दुसऱ्या वर्षी भलतीच. परीक्षा देणारे २२ लाखांच्या घरात असताना सिरीजमधल्या काही हजारांवरून काढलेला अंदाज किती टिकणार? स्वतःची तुलना स्वतःच्या मागच्या पेपराशी करा, तीही खानानिहाय: वाचण्यातल्या चुका कमी झाल्या का, अंदाज सुधारले का.

गोव्यात राहणाऱ्याला खरी जागा कळते ती राज्याच्या यादीत. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आणि गोवा डेंटल कॉलेज इथल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून मेडिकल काउन्सेलिंग कमिटी भरते. उरलेल्या जागांचे प्रवेश पर्वरीचं तंत्रशिक्षण संचालनालय, म्हणजे आपलं डीटीई, नीटच्या गुणांवर करतं. शिरोड्याच्या आयुर्वेद आणि होमिओपॅथी कॉलेजसाठीही नीट लागते. डीटीईच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या गुणवत्ता याद्या शोधा आणि आपल्या गटात शेवटची जागा कितव्या क्रमांकाला गेली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. लाखोंच्या रँकपेक्षा हा आकडा डोळ्यांसमोर असला की ध्येय आवाक्यातलं वाटतं, आणि ते आवाक्यातलं असतंच.

अखिल भारतीय कोटा आणि राज्य, दोन्हीकडची नोंदणी वेगवेगळी करावी लागते. एकीकडे नाव घातलं म्हणजे दुसरीकडे आपोआप जात नाही. राज्याच्या अर्जाला निवासाचा दाखला लागतो, तो मामलेदार कचेरीतून मिळतो. निकालानंतर तिथे एकदम गर्दी उसळते. दहावी-बारावीच्या मार्कशीट, जन्मदाखला, आधार, नीटचं अ‍ॅडमिट कार्ड आणि निकालपत्र, राखीव गटात असाल तर जातीचा दाखला, हे सगळं एका फाइलमध्ये लावा. बोर्डाचा शेवटचा पेपर आणि नीट यांच्यामधल्या आठवड्यांत आईबाबांनी कचेरीची ही कामं उरकून घ्यावीत, त्या दिवसांत मुलाला तिथे नेऊन बसवू नये.